किराण्याची वही कोणाच्या नावाने?



आज किराणा दुकानाबद्दल बोलू. काचेचे दार ढकलून आत जायचे, टोपली घेऊन फिरायचे आणि शेवटी रांगेत उभे राहायचे, ते दुकान नव्हे. त्याच्या आधीचे. ओट्याशी उभे राहून मागायचे आणि आतल्या माणसाने काढून, मापून, बांधून द्यायचे, ते.

आमच्यापैकी कोणी दारव्ह्याकडची, कोणी घाटंजीची, कोणी वणीजवळच्या खेड्यातली. गावे वेगळी, पण दुकान सांगायला बसलो की चित्र एकच निघते. दाराला लाकडी फळ्या, सकाळी एकेक काढून बाजूला लावून ठेवायच्या. आत गादी, गादीजवळ गल्ला, छताच्या कडीला टांगलेला तराजू. तोंडे दुमडलेल्या पोत्यांची रांग: ज्वारी, तुरीची डाळ, हरभरा, फल्लीदाणे. मागे पत्र्याच्या डब्यांत जिरे, हळद, सुपारी. कोपऱ्यात राकेलचे पिंप, आणि त्याचा वास बिस्किटालासुद्धा. मिठाचे पोते बाहेर, ओट्याच्या खाली. रात्री दुकान बंद झाले तरी ते तिथेच राहायचे. मीठ कोणी चोरत नाही, असा समज होता. आमच्या गावांत तरी तो खरा ठरला.

या दुकानाची आठवण निघाली की सगळ्यांचा आवाज मऊ होतो. आमचाही होतो. पण हे दुकान चालायचे कसे, त्यात बाईचा हिशोब कुठे बसायचा, हे नीट उलगडून पाहिले की नुसते गोड वाटत नाही. आणि आजच्या आपल्या उधारीबद्दलही त्यातून काही कळते. म्हणून हा भाग.

आधी मापांचे बघू. जुन्या बाया अजून "पावशेर डाळ द्या जी" म्हणतात आणि दुकानदार २५० ग्रॅम तोलून देतो. खरा पावशेर २५० ग्रॅमचा नव्हता. सरकारी वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजच्या हिशोबाने ९३३ ग्रॅम. त्याचा पाव २३३ ग्रॅम. शेराचे १६ छटाक, एक छटाक ५८ ग्रॅम. ४० शेरांचा मण, म्हणजे ३७ किलोहून थोडा जास्त. आणि तोळा म्हणजे काय? चांदीच्या रुपयाचे वजन. इंग्रजी अमलात रुपया एक तोळ्याचा पाडला जाई, म्हणून कोणाला दुकानदाराच्या वजनाची शंका आली तर नाणी पारड्यात टाकून पाहता येत असे. पण त्यासाठी हातात नाणी हवीत. ज्या घरात महिनाभर रुपया दिसत नव्हता, त्या घरची बाई कशाने पडताळणार?

धान्य मात्र तोलून नव्हे, मापाने मिळायचे. पायली, शेर, अच्छेर, पावशेर. ही लाकडाची किंवा पत्र्याची मापे, आणि पायलीत नेमके किती धान्य मावते ते गावागणिक बदलायचे. त्यात पुन्हा माप सपाट भरायचे की शीग लावून, हा प्रश्न. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा ढीग. बाईकडून ज्वारी घेताना शीग उंच, आणि तिला डाळ देताना हात फिरवून माप सपाट, असा प्रकार काही दुकानांत चाले. काही ठिकाणी घ्यायची पायली आणि द्यायची पायली वेगवेगळी असे, हेही आम्ही म्हाताऱ्या बायांकडून ऐकले आहे. तराजूत दांडी मारणे हा शब्द तर आपण रोज वापरतो. तो तिथूनच आला.

मग माप बदलले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे १६ आणे होते, ते १०० पैसे झाले. एका आण्याला सव्वासहा पैसे येतात, पण पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून आण्याला ६ पैसे धरत. चार आण्यांचे मात्र २५. म्हणजे एकदम चार आण्यांची वस्तू घेतली तर हिशोब बरोबर, पण आण्या-आण्याने चार वेळा मीठ-मिरची घेणाऱ्या बाईचे चार आणे २४ पैशांतच संपले. थोडे थोडे घेणाऱ्यालाच तोटा. ही गोष्ट पुढेही लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे. किलो आणि ग्रॅम १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२ पासून देशभर सक्तीचे झाले. शिक्का मारलेली लोखंडी वजने दुकानात आली. त्याने फार फरक पडला. वजनावर सरकारचा छाप असतो आणि तो आपण बघायला मागू शकतो, हे बायांना हळूहळू कळले. आजही काट्याची पडताळणी वैधमापन खात्याकडून करून घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची तर दर वर्षी. पडताळणीचा दाखला दुकानात दिसेल असा लावायचा असतो. कधी पाहिला आहे का तुम्ही?

पुडीबद्दल दोन शब्द. जुन्या वहीच्या किंवा वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी, वरून दोरा, आणि तो दोरा छताला अडकवलेल्या रिळातून सरसर खाली यायचा. दोरा घरी जपून गुंडाळून ठेवला जाई, गोधडीला टाके घालायला. डालड्याचा रिकामा डबा तर घराघरात तुळशीला. डालडा १९३७ पासून बाजारात होता, पण आमच्या खेड्यांत पंगतीच्या स्वयंपाकापुरताच यायचा. असो. छापील शाई पोटात जाणे बरे नाही म्हणून अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, असे आता अन्नसुरक्षेचा नियम सांगतो. पुडी हवी असेल तर कोऱ्या कागदाची मागा.

आता दुकानात बाई काय घेऊन जायची ते बघू. पैसे क्वचित. बहुतेक वेळा पदरात किंवा टोपलीत धान्य. ज्वारी द्यायची, मीठ घ्यायचे. तूर द्यायची, तेल घ्यायचे. आणि आपला जिल्हा कापसाचा, म्हणून कापूस. वेचणीची मजुरी जुन्या काळी कापसातच मिळे. वेचलेल्यातला ठरलेला वाटा. तो संध्याकाळी थेट दुकानात जाई. पोरेसोरेही बोंडातून ओंजळभर कापूस काढून शेव-फुटाण्याला नेत, आणि घरी आल्यावर मार खात. या कापसाचा भाव दुकानदार ठरवणार आणि तेलाचाही दुकानदारच. दोन्ही बाजूंचा भाव एकाच्या हातात, म्हणजे आपण विकताना स्वस्त आणि घेताना महाग. बाया काही अगदीच भोळ्या नव्हत्या. कापसावर पहाटेचे दव असताना वेचला की वजन भरते, हे त्यांनाही ठाऊक होते. दुकानदारालाही ठाऊक होते, म्हणून तो मूठभर कापूस दाबून बघायचा आणि "बाई, ओला हाये" म्हणत वजनात काट धरायचा.

एक मिळकत मात्र अगदी बाईची स्वतःची होती. सरवा. पीक निघाल्यावर वावरात पडून राहिलेल्या शेंगा, ओंब्या, राहिलेला कापूस वेचायला बाया जात. शेतमालक सहसा अडवत नसत. त्या सरव्यातून जे मिळे ते नवऱ्याला दाखवायची गरज नव्हती. ते दुकानात देऊन कुंकू, बांगडी, लेकीला रिबन. आमच्यापैकी एकीची आजी सांगायची, सरव्याच्या दिवसांत दुकानदारसुद्धा तिला "या माय" म्हणायचा, एरवी मान वर करायचा नाही.

आणि आता वही. तीच या दुकानाचा जीव होती.

आपल्याकडे पैसा येतो कापसाला. मृग लागला की पेरणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी, मग माघ-फाल्गुनापर्यंत चालू. म्हणजे ज्येष्ठ ते आश्विन घरात काही येत नाही, जाते मात्र सगळे. बी, मजुरी, पोरांच्या वह्या, तापाचे औषध. आषाढ-श्रावणात तर कोठीच्या तळाशी हात लागतो. नेमका तेव्हा नागपंचमी, राखी, पोळा, मग महालक्ष्म्या. या चार-पाच महिन्यांत घर चालायचे ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या लांब वहीवर. "लिहून ठेवा जी," एवढ्या तीन शब्दांवर. बँक हे करत नव्हती. पीककर्ज असते ते मुख्यतः पिकासाठी, पीठमिठासाठी नव्हे. पोळ्याला पुरणाची डाळ आणि गूळ घ्यायला कोणती सोसायटी पैसे देते? दुकानदार द्यायचा. त्याचे हे देणे खरे होते, आणि त्याबद्दल त्याला नावे ठेवताना आमची जीभ अडखळते. दुष्काळाच्या साली कितीतरी घरांत चूल पेटली ती याच वहीमुळे.

पण त्याची किंमत होती. उधारीचा भाव वेगळा असे, रोखीचा वेगळा. ते उघड सांगितले जात नसे. व्याज लावतो असे कोणी म्हणत नसे, भावातच ते मिसळलेले. समजा रोखीने १०० रुपयांचा माल वहीवर ११० ला लिहिला. आषाढात घेतला, कार्तिकात फेडला. चार महिन्यांत शंभराला दहा, म्हणजे वर्षाचा हिशोब धरला तर शेकडा ३०. धान्य उसने घेतले तर आणखी चढे. सवाईने घेतलेले एक पोते सुगीला सव्वा पोते होऊन परत जायचे, दिढीने घेतलेले दीड. सहा महिन्यांसाठी घेतले असेल तर दिढी म्हणजे वर्षाला दुप्पट. आणि सुगीला धान्य परत करताना भाव पडलेला असायचा. कापसाचेही तसेच. १९७२ साली राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. खरेदी केंद्रावर कापूस गेला की दुकानदाराचा हात त्या मापापर्यंत पोचत नव्हता, हा फायदा. पण केंद्रावरचे पैसे हप्त्याहप्त्याने येत, आणि मधल्या दिवसांत वही पुन्हा उघडीच.

ती वही कोणाच्या नावाने असायची? माणसाच्या. नवऱ्याच्या, नाहीतर सासऱ्याच्या. बाई रोज जाऊन माल आणायची, बोलणी ऐकायची, "मागची बाकी किती झाली माहीत हाये का" हे चारचौघांत तिलाच विचारले जायचे. पण खात्यावर तिचे नाव नाही, आणि हिशोब करायला दिवाळीला बसायचे ते दोघे पुरुष. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा व्हायची, नवी वही सुरू व्हायची, जुनी बाकी नव्या पानावर ओढली जायची. त्यातला आकडा बाईला कळायचा तो नवऱ्याच्या चेहऱ्यावरून.

वहीत सगळे खरे लिहिलेले असायचे असेही नाही. नवऱ्याच्या बिड्या आणि तंबाखू "साखर" म्हणून लिहिल्या जात, घरात भांडण नको म्हणून. बाईने घेतलेले हळदीकुंकवाचे सामान "डाळ" होऊन बसे, त्याच कारणाने. दोघांची गुपिते एकाच पानावर आणि ती ठाऊक फक्त दुकानदाराला. हसू येते, पण यातच ग्यानबाची मेख आहे: ज्याला वही वाचता येते, त्याच्या हातात घर. आपल्याकडे बहुतेक बायांना अक्षर येत नव्हते, आणि कितीतरी दुकानांतल्या वह्या ज्या लिपीत लिहिल्या जात ती गावात दुसऱ्या कोणालाही येत नव्हती. मोजणीसाठी बाया घरात भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढत. पोळ्याच्या आधी भिंत सारवली की रेघा गेल्या.

अशा वह्यांवरून या राज्यात मोठा भडका उडालेला आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खतपत्रे आणि वह्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. मारहाण फारशी झाली नाही. राग कागदावर होता. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला आणि कर्जदाराला पावती मागण्याचा, हिशोबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. पण तो कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. वऱ्हाडच्या वाट्याला तो आला नाही.

एक कायदा मात्र सगळीकडे होता. १८७२ च्या पुरावा कायद्यात स्पष्ट म्हटले होते की नियमित ठेवलेल्या हिशोबाच्या वहीतली नोंद पुरावा म्हणून चालते, पण फक्त तेवढ्यावरून कोणावर देणे बसवता येत नाही. सोबत दुसरा काही आधार लागतो. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या पुरावा कायद्यातही ही तरतूद तशीच आहे. म्हणून तर अंगठा घेतला जायचा. वहीच्या पानावर तुमचा अंगठा किंवा सही आली की तो दुसरा आधार झाला. आणखी एक. उधार मालाच्या पैशासाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. त्या मुदतीच्या आत तुम्ही "एवढे देणे आहे" असे लिहून सही दिली की मुदत नव्याने मोजतात. म्हणून आकडा समजल्याशिवाय बाकीवर सही करू नका. हे देणे बुडवायला सांगत नाही आम्ही. घेतले ते दिलेच पाहिजे. किती घेतले ते आपल्यालाही माहीत हवे, एवढेच.

या वहीची सगळ्यात कडू गोष्ट आपल्या जिल्ह्याला सांगावी लागत नाही. घरचा माणूस विष घेऊन गेला की तेराव्याच्या आत एकेक देणेकरी दारात येतो आणि बाईला तेव्हा पहिल्यांदा कळते की कुठे कुठे किती आहे. २००६ च्या सरकारी निर्णयाप्रमाणे अशा कुटुंबाला १ लाख रुपये मदत मिळते, पण त्यासाठी प्रकरण पात्र ठरावे लागते आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. किराण्याची उधारी त्यात धरत नाहीत. घर ज्या कर्जावर पाच महिने जेवले, ते कर्ज सरकारच्या कागदावर कर्जच नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जुन्या दुकानाचा ओटा सगळ्यांसाठी सारखा नव्हता. आमच्यातल्या काहींच्या आया-आज्या ओट्याला हात न लावता खाली उभ्या राहत. पुडी वरून पदरात टाकली जायची, पैसे जमिनीवर ठेवायचे, मग त्यावर पाणी शिंपडून उचलले जायचे. पारध्याची बाई, कोलामाची बाई आली की दुकानदाराची नजर तिच्या हातावर. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात कोणाला कुठे जाण्यापासून अडवता येणार नाही याची यादी आहे, आणि त्या यादीत पहिला शब्द दुकानांचा आहे. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, त्यानेही दुकानात मज्जाव करणे गुन्हा ठरवले. पण ओट्यावरची रीत कायद्याने एका दिवसात जात नाही. ती काही गावांत आमच्या लहानपणापर्यंत होती.

म्हणून आमच्यातल्या एका मैत्रिणीने जे सांगितले ते आम्हाला महत्त्वाचे वाटते. यवतमाळला नव्या पद्धतीच्या मोठ्या दुकानात ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिला भाव, थंड हवा, चकाचक फरशी यांचे काही वाटले नाही. वाटले ते याचे, की तांदळात हात घालून बघता आला आणि कोणी "शिवू नको" म्हटले नाही. ग्राहकाने स्वतः हाताने माल उचलायचा, ही पद्धत काही फार जुनी नाही. अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली पिगली विगली नावाच्या दुकानाने ती सुरू केली. त्याआधी तिकडेही फळीमागचा माणूसच काढून द्यायचा. दुकानदाराने ही पद्धत आणली ती नोकर वाचवायला. पण तिच्यामुळे ओटा गेला, हेही खरे.

मधल्या काळात आणखी दोन दुकाने गावात आली होती. एक रेशनचे. १९७२ च्या दुष्काळात मिळालेला लाल मिलो जुन्या बायांना अजून आठवतो. भाकरी थापता थापता तुटायची. मुंबईत त्याच साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, तेलासाठी, राकेलसाठी, धान्यासाठी. आपल्याकडे लाटणे मोर्चाची बातमी आली ती रेडिओवर. रेशनच्या दुकानात उधारी नव्हती, पण भाव सरकारने ठरवलेला होता. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने एक वेगळीच गोष्ट केली: शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचे, १८ वर्षांवरच्या, नाव लावायचे. किराण्याच्या वहीत जे कधी झाले नाही ते या पत्रिकेवर झाले. तुमच्या पत्रिकेवर अजून दुसरे नाव असेल तर तहसीलमधल्या पुरवठा शाखेत जाऊन बदलून घ्या.

दुसरे आले ते पाकीट. सुटा माल हळूहळू बंद झाला. काही ठिकाणी ते बरेच झाले. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळल्याने माणसे दगावली. हा पिवळा धोतरा आपल्या बांधावरही उगवतो. त्यानंतर नियम कडक झाले, आणि आता खास सूट दिल्याशिवाय सुटे खाद्यतेल विकता येत नाही. खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे, म्हणून ओट्याखालचे ते पोतेही गेले. पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते, सगळे कर धरून. ती वाचता आली की भाव विचारायची गरज नाही. त्याहून जास्त घेतले तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करता येते, आणि मराठीत बोलता येते.

पण पाकिटात आण्याचीच गोष्ट पुन्हा आली. पाच-दहा रुपयांची छोटी पुडी घेणारी आपणच. शांपू असो की चहापत्ती, किलोचा भाव काढून बघा. एका पुडीवर किती ग्रॅम आहे ते बारीक अक्षरात असते. १० रुपयांत ३० ग्रॅम असेल तर किलोला ३३३ रुपये पडले. मोठे पाकीट किती पडते ते त्याच्या शेजारी लिहून पाहा. मोठ्या दुकानातली सूट मोठे पाकीट घेणाऱ्याला आहे, आणि मोठे पाकीट घ्यायला एकदम रोख लागते. ती नाही म्हणून आपण गल्लीतल्या दुकानात जातो. तिथे अजून वही आहे.

जिथे बायांनी एकत्र येऊन माल आणला तिथे हे कोडे थोडे सुटले. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते. शेजारची घरे मिळून गट करतात, महिन्याची यादी आधी देतात, माल एकदम येतो आणि गटात वाटला जातो. मध्ये दुकान नाही. आपल्याकडे बचत गटांना हे जमण्यासारखे आहे, आणि काही गट दिवाळीपुरते करतातही: तेलाचे पिंप, गुळाची ढेप, रव्या-मैद्याचे पोते एकत्र आणून वाटून घेणे. गटाचे कर्ज काढून पोळ्याचा किराणा रोखीने भरला तर काय होते तेही मघाच्या हिशोबाला लावून बघा. गटाचा दर महिना शेकडा २ असेल तर १०० रुपयांना चार महिन्यांत ८ रुपये व्याज. शेकडा १ असेल तर ४. वहीवर १० जात होते. फरक दिसायला छोटा आहे, पण ते व्याज गटात, आपल्याच पेटीत राहते. मात्र गटाची बैठक महिन्यातून एकदा, आणि पोराला ताप रात्री येतो. त्या रात्री शेजारचा दुकानदारच दार उघडतो. म्हणून त्याला तोडून टाका असे आम्ही कधी म्हणणार नाही.

उधारीही आता फक्त किराण्यात राहिलेली नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, बी-खत-फवारणीचा खर्च वाढत गेला, आणि मोठी वही किराणा दुकानातून उठून कृषी केंद्रात गेली. तिथे बाई जात नाही. किराण्याच्या ओट्यावर निदान बोलणी ऐकून तरी बाकी कळायची. कृषी केंद्रातले काहीच कळत नाही. घरात विचारायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. एक सोपी वाट काही जणींनी काढली आहे: पेरणीनंतर पोरीला शाळेची जुनी वही देऊन "बाबाला विचारून लिही, कुठून काय आणले" असे सांगतात. पोरीला बाप सांगतो.

आणि किराण्याची वहीसुद्धा कागदाची राहिली नाही. बऱ्याच दुकानदारांनी खाते मोबाइलवर घेतले आहे. माल घेतला की लगेच आकडा भरतात आणि संदेश येतो: आज इतके, एकूण बाकी इतकी. जुन्या वहीत जे बाईला कधी दिसले नाही ते आता दिसू शकते, लिपीचीही अडचण नाही. फक्त तो संदेश खात्याला जोडलेल्या नंबरावर जातो, आणि आम्ही आमच्याच गटात विचारले तेव्हा बहुतेकींच्या घरी तो नंबर नवऱ्याचा निघाला. पुढच्या वेळी मीठ आणायला जाल तेव्हा दुकानदाराला सांगा, "भाऊ, खात्याला माझा नंबर लावा." दोन्ही नंबर लागत असतील तर दोन्ही लावून घ्या. नाहीच लागला तर दर वेळी माल घेतल्यावर त्यांच्या मोबाइलवरची बाकी बघायला मागा आणि घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहून ठेवा. कॅलेंडर पोळ्याला सारवले जात नाही.